भंगदाबाचे संख्याशास्त्र : एका संज्ञेच्या अर्थाची तपासणी

कोणत्याही निरोधक पदार्थावरील विद्युत् दाब वाढवीत नेला, तर एका क्षणी त्याचे निरोधकपण संपते. हवेत ठिणगी पडते, तेलात बुडबुडे आणि काजळी उरते, कागदाला सुईच्या अग्राएवढे जळके भोक पडते. ज्या दाबाला हे घडते त्यास प्रस्तुत लेखात ‘भंगदाब’ म्हटले आहे. तत्सम ‘भंग’ आणि मराठी वळणाचा ‘दाब’ यांचा हा समास वैयाकरणांना कितपत रुचेल, हा प्रश्न वेगळा. माझी तक्रार निराळी आहे. ही संज्ञा एकवचनी आहे. ‘या कागदाचा भंगदाब ४० किलोव्होल्ट आहे’ असे वाक्य आपण लिहितो, तेव्हा ‘या कागदाची लांबी ४० सेंटिमीटर आहे’ याच जातीचे विधान आपण करीत आहोत, असा भास होतो. लांबी पुन्हा मोजली तर पुन्हा तीच येते. भंगदाब पुन्हा मोजता येत नाही, कारण ज्या कागदाचा तो मोजला तो कागद आता फुटलेला आहे. आणि त्याच रिळातील दुसरा तुकडा घेतला तर आकडा वेगळा येतो. ‘आहे’ हे क्रियापद येथे वस्तुस्थितीपेक्षा अधिक काही सांगून जाते. पदार्थविज्ञानातील एक साधी संज्ञा भाषेच्या सवयीमुळे कशी दिशाभूल करते आणि संख्याशास्त्राने तिचा अर्थ कसा दुरुस्त केला, हे पाहणे भाषांच्या अभ्यासकांनाही उद्बोधक वाटेल, या अपेक्षेने हा विषय येथे मांडीत आहे.

प्रथम आकडे बदलतात ते का, हे पाहू. दोन धातुगोलांमधील हवेत ठिणगी पडण्यासाठी योग्य जागी निदान एक मोकळा इलेक्ट्रॉन हजर असावा लागतो. वैश्विक किरण व परिसरातील नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे असे इलेक्ट्रॉन हवेत अधूनमधून निर्माण होत असतात. पण दाबाचा आवेग काही मायक्रोसेकंदच टिकणारा असेल, तर तेवढ्या अवधीत तो इलेक्ट्रॉन तेथे येईल की नाही, हा यदृच्छेचा भाग होतो. तेलात ओलाव्याचे अंश आणि सेल्युलोजचे तंतू तरंगत असतात. प्रबळ विद्युत् क्षेत्राकडे ते ओढले जातात आणि त्यांचा पूल बांधला गेला की तेल अल्प दाबालाच हार खाते. घन पदार्थात दोष स्थिर असतात: एखादी सूक्ष्म पोकळी, एखादा परका कण, वाहकाच्या पृष्ठावरचा एखादा उंचवटा. म्हणजे हवेत यदृच्छा काळात पसरलेली असते, घन पदार्थात ती अवकाशात पसरलेली असते आणि तेलात दोन्हींची सरमिसळ होते. या भेदाला पुढे फार महत्त्व येते, कारण हवेतील भंगानंतर काही वेळाने हवा पूर्ववत होते आणि तिच्यावर पुन्हा प्रयोग करता येतो. घन निरोधक मात्र एकदाच उत्तर देतो.

जे स्वतःहून पूर्ववत होते त्याची पाहणी सोपी. ठरावीक दाबाचा आवेग वारंवार द्यावा आणि किती वेळा भंग होतो ते मोजावे. तडितेचे अनुकरण करणारा प्रमाणित आवेग १.२ मायक्रोसेकंदांत शिखरास पोहोचतो व ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. वाहिन्यांवरील स्विचांच्या उघडझापीमुळे उद्भवणाऱ्या दाबासाठी हेच आकडे २५० व २५०० असे घेतात. अल्प दाबाला भंगाचे प्रमाण शून्याजवळ, उच्च दाबाला शंभर टक्क्यांजवळ आणि मधल्या अरुंद पट्ट्यात ते चढत जाते. या चढाच्या मध्यावरील दाब, म्हणजे ज्याला निम्मे आवेग भंग घडवितात तो, हा वर्णनाचा पहिला आकडा. चढ किती तीव्र आहे हे सांगणारे प्रमाण विचलन हा दुसरा. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या प्रमाणग्रंथात हवेतील कोरड्या चाचण्यांसाठी हे विचलन तडित आवेगाच्या बाबतीत ३ टक्के आणि स्विच आवेगाच्या बाबतीत ६ टक्के गृहीत धरण्याची मुभा आहे. एका आकड्याच्या जागी दोन आकडे आले, यातच ‘भंगदाब आहे’ या वाक्याचा पराभव झाला.

मधला दाब काढण्याची एक युक्ती मोठी चतुर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ब्रूसटन येथे स्फोटकांच्या चाचण्यांसाठी ती वापरली गेली आणि १९४८ साली डिक्सन व मूड यांनी तिचे गणित प्रसिद्ध केले. स्फोटकावर वजन टाकावे. स्फोट झाला तर पुढच्या वेळी एक पायरी खालून टाकावे, न झाला तर एक पायरी वरून. उच्चदाब प्रयोगशाळांनी उंचीच्या जागी दाब ठेवला, एवढेच. ही ‘चढ-उतार’ पद्धती एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करतो. पायरी १० किलोव्होल्टची आहे आणि २० आवेगांपैकी १० वेळा भंग झाला: ४१० ला ३ वेळा, ४२० ला ५ वेळा, ४३० ला २ वेळा. या दहा भंगांची सरासरी ४१९ येते. तिच्यातून अर्धी पायरी वजा केली की ४१४. आता उलट बाजूने पाहा. निरोधक तगला ते प्रसंगही १०: ४०० ला ३, ४१० ला ५, ४२० ला २. त्यांची सरासरी ४०९. तीत अर्धी पायरी मिळविली की पुन्हा ४१४. भंगाच्या साक्षीने काढा वा तगण्याच्या साक्षीने, निर्णय एकच. यात एक मौज अशी की, कोठूनही आरंभ केला तरी प्रयोग आपोआप मध्याभोवती येऊन घुटमळू लागतो आणि आवेग फुकट जात नाहीत.

मात्र या पद्धतीकडून तिच्या कुवतीबाहेरची कामे करून घेतली जातात. अभियंत्याला मध्याशी कर्तव्य नसते. निम्म्या वेळा फुटणारा निरोधक कोणी खांबावर चढविणार नाही. त्याला हवा असतो शेकडा १० वेळाच भंग घडविणारा दाब, कारण आंतरराष्ट्रीय प्रमाणग्रंथ त्याच्यावर उभे आहेत. चढ-उतार पद्धती मध्य चांगला सांगते, टोके वाईट सांगते, कारण टोकांकडे ती फिरकतच नाही. मग वरील ३ टक्क्यांचे गृहीतक घ्यायचे, त्याची १.३ पट वजा करायची आणि ४१४ वरून ३९८ असा आकडा लिहायचा. हा आकडा मोजलेला नाही. अर्धा मोजलेला आणि अर्धा संकेताने मानलेला आहे. संकेत वाईट नव्हे, पण अहवालात त्याचा उल्लेख हवा. त्यातच मध्याच्या अंदाजालाही या उदाहरणात सुमारे ४ किलोव्होल्टची अनिश्चितता आहेच.

स्वीकार-चाचणीची कथा याहून बोलकी आहे. प्रमाणग्रंथातील एका रीतीनुसार निर्धारित दाबाचे १५ आवेग द्यायचे आणि पूर्ववत होणाऱ्या निरोधनात दोहोंपेक्षा अधिक भंग झाले नाहीत तर वस्तू उत्तीर्ण ठरवायची. नियम अगदी न्यायी वाटतो. पण द्विपद वितरणाने हिशेब करून पाहा. ज्या वस्तूची भंगसंभाव्यता त्या दाबाला नेमकी १० टक्के आहे, म्हणजे जी काटेकोरपणे पात्र आहे, ती १०० पैकी सुमारे ८२ वेळा उत्तीर्ण होते आणि १८ वेळा विनाकारण नापास होते. जिची भंगसंभाव्यता २० टक्के, म्हणजे दुप्पट आहे, ती १०० पैकी जवळजवळ ४० वेळा उत्तीर्ण होते! उत्पादकाने कुरकुर करावी की ग्राहकाने, हे सांगणे कठीण. आवेगांची संख्या वाढविली तर न्याय अधिक सूक्ष्म होईल, परंतु चाचणीचा खर्चही वाढेल. पंधरा हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, तो व्यवहाराने ठरविलेला तह आहे. परीक्षकाच्या शिक्क्याखाली ‘उत्तीर्ण’ हा शब्द दिसतो, तेव्हा हा तह दिसत नाही.

आता घन निरोधकाकडे वळू. खरी वैचारिक उडी तेथे आहे, आणि तिचा उगम विद्युत्-शास्त्रात नाही. तो कापसाच्या सुतात आहे.

आडावर पोहरा सोडणाऱ्या घरातील बाईला ठाऊक असते की, दोर तुटतो तो जेथे झिजला असेल तेथे. बाकीचा दोर कितीही भक्कम असो. दोर जितका लांब तितकी एखादी झिजलेली जागा असण्याची भीती जास्त. सूत काढणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. या अनुभवाला गणिताचे रूप देण्याचे काम मँचेस्टर येथील कापूस-संशोधन संस्थेत एफ. टी. पिअर्स यांनी केले. लांब नमुन्याचे बळ हे त्याच्या तुकड्यांपैकी सर्वांत दुबळ्या तुकड्याचे बळ असते, या तत्त्वाचे परिणाम त्यांनी १९२६ सालच्या निबंधात मांडले. त्याच संस्थेत एल. एच. सी. टिपेट काम करीत होते. त्यांनी आर. ए. फिशर यांच्यासह १९२८ साली एक व्यापक प्रमेय दिले: पुष्कळ राशींतील लघुतम किंवा महत्तम राशी घेतली, तर तिचे वितरण अखेरीस तीनच रूपांपैकी एकाकडे झुकू शकते. या तिघांपैकी एक रूप स्वीडिश अभियंता वालोदी वायबुल याने १९३९ साली पदार्थांच्या बळाचा विचार करताना स्वतंत्रपणे वापरात आणले आणि आज ते त्याच्याच नावाने चालते. १९५१ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात त्याने या सूत्राची व्याप्ती दाखविण्यासाठी पोलाद, उडती राख, घेवड्याच्या बिया अशी सात उदाहरणे घेतली होती. त्यांतील एक उदाहरण भारतीय कापसाच्या तंतूंच्या बळाचे आहे. आपल्याकडील कापसाने या शास्त्राच्या पायाभरणीत असा हात लावलेला आहे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यावयास हरकत नव्हती.

तत्त्व असे. एक मीटर केबल एखाद्या दाबाला तगण्याची संभाव्यता हजारात ९९९ आहे, असे समजू. एवढा भरवसा कोणालाही पुरेसा वाटेल. पण केबल एक किलोमीटर टाकायची आहे. ती तगायची तर हजारच्या हजार मीटर तगले पाहिजेत, तेव्हा ०.९९९ ही संख्या स्वतःशी हजार वेळा गुणावी लागते आणि उत्तर येते सुमारे ०.३७. हजारात एक एवढ्या क्षुल्लक भीतीची शंभरात त्रेसष्ट अशी जवळजवळ खात्रीच झाली! पदार्थ तोच, दाब तोच, फक्त लांबी वाढली. म्हणून ‘या पदार्थाचा भंगदाब’ हा शब्दप्रयोग लांबी, क्षेत्रफळ किंवा घनफळ सांगितल्यावाचून अपुराच राहतो.

वायबुलच्या सूत्रात दोन प्राचल असतात. पहिला मापदर्शक: ज्या दाबाला १०० पैकी सुमारे ६३ नमुने फुटतात तो दाब. दुसरा आकारदर्शक घातांक: तो मोठा असेल तर सर्व नमुने एका दाबाच्या आसपास फुटतात, लहान असेल तर आकडे विखुरतात. नमुन्यांचे भंगदाब चढत्या क्रमाने मांडावे, प्रत्येकाला त्याच्या क्रमांकानुसार संभाव्यता द्यावी, विशेष आखणीच्या कागदावर बिंदू टाकावे. बिंदू सरळ रेषेत आले तर सूत्र लागू पडले आणि रेषेचा उतार हाच घातांक. संगणकाच्या युगातही हा कागद टाकून देऊ नये, असे माझे मत आहे, कारण बिंदूंची रांग मध्येच वाकली तर तेथे दोन भिन्न जातींचे दोष मिसळले आहेत हे डोळ्यांना तत्काळ दिसते. संगणक मात्र दोहोंची मिळून एक गुळगुळीत सरासरी देऊन मोकळा होतो.

या घातांकावर किती भार पडतो, ते पाहण्यासारखे आहे. एक मीटरच्या नमुन्यांवरून मापदर्शक १०० किलोव्होल्ट आला, असे कल्पू. आपल्याला हवा आहे हजार मीटर केबलमध्ये शेकडा एकच भंग घडविणारा दाब. घातांक १० असेल तर लांबीमुळे आकडा निम्म्यावर येतो आणि शेकडा एकच्या अटीमुळे आणखी घसरून सुमारे ३२ वर. घातांक २० असता तोच दाब सुमारे ५६ भरला असता. शंभराचे बत्तीस की छप्पन्न, हे सर्वस्वी या एका घातांकावर ठरते. आणि तो घातांक आपण काढतो कशावरून? पुष्कळदा पाच नमुन्यांवरून. येथे एक फसगत दडलेली आहे. महत्तम संभाव्यतेच्या रीतीने काढलेला घातांक थोड्या नमुन्यांच्या बाबतीत वरच्या अंगाला झुकतो. १९६९ साली थोमन, बेन व अँटल यांनी दिलेल्या कोष्टकानुसार पाच नमुन्यांसाठी त्याला ०.६६९ ने गुणून दुरुस्त करावे लागते. म्हणजे खरा घातांक १० असताना कच्चा अंदाज सरासरीने १५ च्या घरात येतो आणि त्यावर विसंबणारा अभियंता ३२ च्या जागी ४६ लिहितो. ही चूक सावधपणाच्या दिशेने झाली असती तर पैसेच वाया गेले असते. ती धाडसाच्या दिशेने होते. पाच नमुन्यांवरून शंभरातल्या एकाची वार्ता सांगणे हे मुळातच फार लांबचे बोलणे आहे. ते टाळता येत नसेल तर निदान विश्वासांतराल सोबत द्यावा, आणि तो रुंद दिसतो म्हणून लाजू नये.

तगलेल्या नमुन्यांचे काय करायचे, हाही प्रश्न असाच दुर्लक्षित राहतो. दीर्घकालीन चाचणीत दाब कायम ठेवून नमुना किती काळ टिकतो ते पाहतात. महिने लोटतात, काही नमुने फुटतात, काही शाबूत असतात आणि चाचणी थांबवावी लागते. जे फुटले त्यांचीच सरासरी काढणे म्हणजे गावातील मृतांच्या वयांवरून जिवंतांचे आयुर्मान ठरविणे होय. शाबूत नमुन्यांनी ‘निदान इतका काळ’ अशी साक्ष दिलेली असते आणि संभाव्यतेच्या गणितात तिला जागा आहे. टिकण्याचा काळ दाबाच्या व्यस्त घातानुसार घटतो, असे अनुभवजन्य सूत्र वापरतात. घातांक ९ धरला, तर दाबात १० टक्के वाढ होताच आयुष्य निम्म्याहूनही कमी होते.

एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. रोहित्राच्या तेलाची चाचणी २.५ मिलिमीटर अंतरावरील दोन अग्रांमध्ये दाब सेकंदाला २ किलोव्होल्ट या वेगाने वाढवून सहा वेळा घेतात आणि सहांची सरासरी नोंदवितात. एका प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मी ६२, ५८, ६६, ३१, ६०, ५९ अशा धर्तीची रांग पाहिली. त्यातील ३१ वर तांबड्या शाईने काट मारलेली आणि समासात ‘सदोष वाचन’ असा शेरा होता. काट मारल्यावर सरासरी ६१, न मारल्यास ५६. मी विचारले, उपकरणात काही बिघाड आढळला होता काय? तसे काही नव्हते. आकडा इतरांशी जुळत नव्हता, एवढाच त्याचा अपराध. वास्तविक त्या सहांत सर्वांत मोलाची साक्ष त्याचीच होती: तेलात कोठेतरी तंतू आहे किंवा ओल आहे, आणि रोहित्रात दोन-तीन मिलिमीटर नव्हे तर कित्येक लिटर तेल दाबाखाली असते. रोहित्र फुटते ते ६१ मुळे नाही, ३१ मुळे. नोंदणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. ‘भंगदाब’ ही एकच संख्या ‘आहे’ आणि बाकी सर्व वाचने तिच्याभोवतीच्या चुका आहेत, हे भाषेने त्याला शिकविले होते. खगोलवेत्त्याच्या बाबतीत तसे मानणे योग्यच, कारण ताऱ्याचे स्थान खरोखर एक असते आणि निरीक्षणे चुकतात. येथे निरीक्षणे बरोबर आहेत. विखुरलेली आहे ती वस्तूच.

मराठीपुरता परिभाषेचा विचार करायचा, तर ‘प्रॉबॅबिलिटी’साठी ‘संभाव्यता’ रूढ झाली, हे चांगले झाले. ‘शक्यता’ या शब्दात मोजमापाचा वास नाही. ‘विथस्टँड’साठी ‘सहनदाब’ म्हणावे, असे मी सुचवीन. सहनशीलतेला मर्यादा असते आणि ती माणसागणिक, प्रसंगागणिक बदलते, हे मराठी कानाला सांगावे लागत नाही. ‘भंगदाब’ टाकून देण्याची गरज नाही. त्याच्याबरोबर येणारे क्रियापद बदलले तरी पुष्कळ झाले. ‘या कागदाचा भंगदाब ४० आहे’ याऐवजी ‘या कागदाच्या इतक्या आकाराच्या नमुन्यांपैकी निम्मे ४० ला फुटतात आणि शंभरात एक २८ ला’ असे लिहावे. वाक्य लांबते, हे मान्य. परंतु या लांबलेल्या वाक्यातील प्रत्येक पद प्रयोगशाळेत तपासून पाहता येते, आणि ‘२८’ या आकड्याला किती नमुन्यांचा आधार आहे, असा पुढचा प्रश्न वाचकाला आपोआप सुचतो.